स्विचमधली काडी

काडी तुम्ही फेकलीत. दुसऱ्या कुणी नाही. गिटारी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या दुरुस्ती विभागात खुर्ची अडवून बसलेले तुम्ही जे कोण साहेब असाल, तुम्हीच. माणूस केबलचं भोक खरखरतं म्हणून गिटार पाठवतो आणि तुम्ही त्याला न विचारता आतला स्विच उपटता. वर निरोप धाडता, 'स्विच सदोष होता, नवा बसवला.'

सदोष तुमचे कान होते.

गिटार ईवर्ट ट्यूलिपची. इंग्लंडातल्या गेट्सहेडचा गडी, आठवडाभर गोदीत जहाजांना वेल्डिंग करणारा आणि शनिवारी कामगार क्लबात वाजवणारा. त्या गिटारीच्या तारांखाली आवाज टिपणारे तीन पिकअप, आणि स्विचला तीन घरं. एका घरात एकच पिकअप बोलणार, असा तुमचा कायदा. पण दोन घरांच्या मध्ये, उंबऱ्यावर, दांडी नेमकी अडकवली की शेजारचे दोन पिकअप एकदम बोलतात आणि एक पोकळ, निवळशंख आवाज निघतो. दांडी तिथं टिकत नाही. म्हणून ईवर्टनं कधीकाळी आगपेटीतली काडी तासून फटीत ठोकली होती आणि पुन्हा स्विचला हात लावला नव्हता.

त्या आवाजावर त्याची थोरली बहीण थेल्मा गायची. एके काळी थेल्मा गायला लागली की बिंगोवाल्याला आकडे पुकारणं थांबवावं लागे. मग घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजाचा पैलवानही गेला. मागे राहिला तो सुतासारखा बारीक आवाज. महिनोन्महिने दोघं तिच्या स्वयंपाकघरात बसून एकच गाणं घोटत होती. काडीवाला आवाज बाजूला सरकून त्या सुताला वाट द्यायचा. येत्या शनिवारी ती ऑपरेशननंतर पहिल्यांदा क्लबात उभी राहणार होती.

"ऐकू गेलं तर गाईन," तिनं आधीच बजावलं होतं. "नाही गेलं तर पुन्हा स्टेजवर चढणार नाही. दयेच्या टाळ्या खायला मी काय आजारी कुत्री आहे?"

आणि गुरुवारी तुमच्याकडून गिटार परत आली.

नव्या स्विचची स्प्रिंग उंदराच्या सापळ्यासारखी. ईवर्टनं काडी घातली, ती मोडली. आइसक्रीमची काडी घातली, ती उडून चहात पडली. मागचा पिकअप लावला तर तो थेल्माच्या आवाजावर ओरखडे काढी. पुढचा लावला तर तिला गोधडीखाली कोंबी. दुसऱ्या कडव्यात ती थांबली.

"राहू दे रे, ईवर्ट. मी खाली बसून बिंगो खेळेन."

"शनिवारपर्यंत थांब."

"माझ्यासाठी तोंड पाडून बसू नकोस म्हणजे झालं. आधीच थोबाड काय कमी लांब आहे तुझं?"

शनिवारी दुपारी त्यानं गिटार मेव्हिस डॉड्ससमोर ठेवली. मेव्हिस ईवर्टच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची आणि एरवी कारखान्यात टेलिफोन एक्स्चेंजच्या तारा जोडायची. "अर्धं इंग्लंड माझ्या हातानं एकमेकांशी भांडतं," हे ती भेटेल त्याला ऐकवायची. क्लबाच्या रिकाम्या स्टेजवर तिनं गिटारीच्या पोटावरचं प्लास्टिकचं झाकण उघडलं.

"हां, बोल. काय हवंय?"

"मधल्या पिकअपच्या दोन तारा उलट जोडायच्या. त्यानंच तो आवाज येतो."

"कोण म्हणतं?"

"सगळे गिटारवाले म्हणतात."

"मग नक्कीच चूक असणार. पण गिटार तुझी, मला काय?"

जुन्या रेडिओतून काढलेला एक चिमुकला स्विच तिनं झाकणात बसवला. तो खाली केला की जो पिकअप चालू असेल त्याला मधलाही येऊन मिळणार. ना काडी, ना स्प्रिंगची कटकट. मधल्याच्या तारा ईवर्टच्या सांगण्याप्रमाणे उलट.

थेल्मा केसांचे कर्लर रुमालाखाली बांधून येऊन बसली होती. ईवर्टनं वाजवलं. खालचे सूर गायब. उरली ती बरणीत कोंडलेल्या गांधीलमाश्यांची किरकिर.

"दाताच्या डॉक्टरकडे असंच वाजतं," थेल्मा म्हणाली.

ईवर्ट मटकन ॲम्पच्या खोक्यावर बसला. "संपलं. मी तुझा शनिवार बुडवला."

"गप रे. पुन्हा वाजव." तिनं डोळे मिटून ऐकलं. "हे दोघं एकमेकांचं तोंड दाबतायत. काडीच्या वेळी असं नव्हतं. तेव्हा दोघं एकच गोष्ट सांगायचे, फक्त दोन जागांवरून."

मेव्हिसनं सोल्डरची सळई पुन्हा तापत ठेवली. "ऐकलंस? तुझ्या सगळ्या गिटारवाल्यांत मिळून हिच्याएवढा एक कान नाही." तिनं मधल्याच्या दोन्ही तारा पुन्हा सुलट करून सोल्डर दिलं, फुंकर मारली. "वाजव."

तो आला. तोच आवाज, पोकळ आणि निवळ. मागच्या पिकअपबरोबर आला, पुढच्याबरोबरही आला. काडीनं आजवर एकच दिला होता, आता दोन मिळाले. थेल्मा रुमाल काढून कर्लर सोडायला लागली.

रात्री क्लब गच्च भरला होता. थेल्मा गायला लागली तेव्हा उकडलेले वाटाणे घ्यायच्या रांगेत गलका होता. ईवर्टनं डोकं खाली घातलं होतं. बघायची हिंमत नव्हती, नुसता कानानं ऐकत होता. आधी रांग गप्प झाली. मग चमचे. सूत तुटलं नाही. शेवटच्या कडव्याआधी अगदी मागून, दाराजवळून, एक म्हातारा म्हणाला, "येतंय ऐकू, पोरी. गा." आणि ती गायली.

खाली उतरल्यावर ईवर्टनं मेव्हिसचे दोन्ही हात धरले.

"भाजलंय तिथं, सोड," मेव्हिस म्हणाली. "आभारच मानायचे तर तो मोठा ड्रम उचल आणि व्हॅनमध्ये टाक."

त्यानं तो उचलला. त्या रात्री त्यानं क्लबच उचलला असता. थेल्मा मागून म्हणाली, "पुढच्या शनिवारी दोन गाणी, हं," आणि त्याला अंधारात रडू आलं, ते त्यानं येऊ दिलं.

आता तुम्ही म्हणाल, बघा, आम्ही काडी काढली म्हणून बरंच झालं. नाही. बरं झालं ते मेव्हिसच्या भाजलेल्या बोटांमुळे आणि थेल्माच्या कानांमुळे. आभार त्यांचे. तुमच्या वाट्याला एक प्रश्न आहे. ती काडी आपोआप उगवली नव्हती. कुणीतरी तासून, मापात बसवली होती. उपटण्याआधी तुम्ही एकदा तरी केबल लावून ती गिटार ऐकलीत का?

हो की नाही, तेवढं सांगा.