उतरती सीट

"अगं, तू त्या सायकलवर बसत नाहीस, हँडलवर लोंबकळतेस. हातांची वाट लागेल एक दिवस."

सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या. नात कडेवर, तिच्या मुठीत आजीची वेणी. सून खाली फाटकाची कडी काढत होती. तिनं वर न बघताच "हो आई" म्हटलं आणि पायडल मारलं. त्या 'हो'चा अर्थ दोघींना नीट ठाऊक होता. ज्या बाईनं आयुष्यात सायकलला हात लावला नाही, तिनं कसं बसायचं ते सांगावं, हे सुनेला जरा अतीच वाटलं. शिवाय बोलण्यात टोमणा आहे की काळजी, हे सासूबाईंच्या बाबतीत पटकन कळायचंही नाही. त्यांची काळजी नेहमी टोमण्याचे कपडे घालूनच बाहेर पडायची.

खरं तर घाबरटपणात सुनेचा हात कुणी धरू शकलं नसतं. गॅस बंद केलाय का हे ती दारापर्यंत जाऊन परत येऊन बघायची. लेक गाढ झोपली की नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना, याची खात्री करायची. लेकीला घरात सगळे 'ढब्बू' म्हणायचे, आणि ढब्बूला साधी शिंक आली तरी आईच्या मनात थेट दवाखान्याचा जिना उभा राहायचा. फक्त स्वतःच्या अंगाचं काही दुखलं-खुपलं, तर त्याला मात्र तिच्या लेखी नंबर नव्हता.

ती चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायची आणि फ्रेमही बसवून द्यायची. बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी सायकलच्या सीटवर टेकली आणि डोळ्यांत पाणी आलं. टाके भरले होते म्हणे, पण ती जागा अजून हुळहुळत होती. हे सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणणार, मी सोडतो रोज, आणि मग त्याची धावपळ. सासूबाईंना सांगायची तर लाजच वाटली. मग एका सकाळी सगळे घरात असताना तिनं पार्किंगमध्ये जाऊन सीटखालचा नट सैल केला, सीटचं पुढचं टोक खाली झुकवलं आणि नट पुन्हा घट्ट आवळला. दुखायचं एकदम कमी झालं. आपण किती हुशार, असं वाटून ती त्या दिवशी शीळ घालत दुकानात गेली.

पुढे ती जागा पूर्ण बरी झाली. सीट मात्र तशीच राहिली. रोज बघतो त्या वस्तूकडे कोण बघतं?

मुंग्या सुरू झाल्या त्या करंगळी आणि शेजारच्या बोटात. आधी दुकानात पोचल्यावर जरा वेळ, मग दुपारपर्यंत. चष्म्याचा बारीकसा स्क्रू चिमटीत धरायचा, तर हाताची ती बाजू आपली नाहीच, कुणाची तरी उसनी आणलीय, असं वाटायचं. ती हात झटकायची, बोटं चोळायची, पुन्हा कामाला लागायची. रात्री फोनवर शोधून शोधून तिनं स्वतःला जगातले निम्मे आजार चिकटवून घेतले.

नवऱ्याला तिनं अर्धवटच सांगितलं. "हँडल टोचतं रे तळव्याला." तो बिचारा त्याच दिवशी जाड फोमच्या ग्रिप घेऊन आला आणि शिवाय गादीवाले हातमोजे.

"आता तू मुष्टियुद्धाला निघाल्यासारखी दिसतेस," तो म्हणाला. "ऑफिसात कुणी त्रास दिला तर सांग."

"दुकान आहे ते, ऑफिस नाही."

"मग गिऱ्हाइकांना जपायला सांग."

ग्रिप जाड झाल्या तशी मूठ आणखी आवळावी लागायला लागली आणि मुंग्या वाढल्या. पण त्यानं इतक्या हौसेनं आणलेलं, कसं म्हणणार की उपयोग नाही? ती मोजे चढवून हसत निघायची.

आणि मग ती संध्याकाळ आली. ती घरात शिरली, सासूबाई टॉवेल घ्यायला वळल्या होत्या म्हणून हात न धुताच ढब्बूला टबातून उचलायला वाकली, आणि साबणानं निसटत्या त्या गुळगुळीत अंगाखालचा आपला उजवा हात तिला जाणवलाच नाही. ढब्बू सरकली. तिनं कोपरानं आणि छातीनं कसंबसं तिला आवळून धरलं. पोरीला वाटलं खेळच आहे; ती खळखळून हसली. आई मात्र तिला तशीच कवटाळून ओल्या फरशीवर बसली.

त्या दिवसापासून ती लेकीला उभ्यानं उचलेनाशी झाली. ढब्बूनं हात वर केले की ही आधी जमिनीवर बसायची आणि मग तिला मांडीवर ओढून घ्यायची. बाहेर जायचं असलं की "तू घे ना" असं नवऱ्याला सांगायची. ढब्बूला काय कळणार? ती पायाशी येऊन हात वर करून उभी राहायची आणि आई उचलत नाही म्हटल्यावर आजीकडे वळायची. दोन पावलांतलं ते वळणं आईच्या काळजात रुतायचं.

सासूबाईंच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. एकदा भांडी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "पोरीवर रुसलीस का गं? उचलत नाहीस ती तिला."

सुनेचा बांध फुटला. हात, मुंग्या, टब, सगळं बाहेर आलं. सासूबाईंनी फडकं खाली ठेवलं. 'मी म्हटलं नव्हतं का?' असं त्यांना म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या, "आधी डॉक्टरची वेळ घे. मी येते बरोबर. ढब्बूलाही नेऊ, नाहीतर तू तिथे तिच्याच काळजीत बसशील."

वेळ मिळाली ती पुढच्या आठवड्यातली. पण त्याआधीच दुकानात एक आजोबा आले. कानामागे लाल वळ उठलेले.

"या काड्या कापतायत मला," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "मी घरीच वाकवून घट्ट केल्या, तर आणखीच दुखतंय."

तिनं चष्मा हातात घेतला, त्यांच्या नाकावर ठेवून बघितला. "काड्यांचा दोष नाही, आजोबा. नाकावर नीट टेकत नाहीये, म्हणून खाली घसरतो. मग तो धरून ठेवायचं सगळं ओझं कानांवर येतं. दुखतंय मागे, पण चूक पुढे आ..."

वाक्य अर्धंच राहिलं. आजोबा तिच्याकडे बघत राहिले. तिला डोळ्यांपुढे तो चष्मा दिसतच नव्हता. उतरत्या सीटवरून पुढे पुढे घसरणारी आणि दोन तळव्यांवर स्वतःला रेटून धरणारी एक बाई दिसत होती. दिवसभर लोकांच्या नाकावरून काय घसरतंय ते बघणारी, आणि स्वतः कशावरून घसरतेय याचा पत्ता नसलेली.

"काय झालं, बाई? बिघडलाय का फार?"

"नाही, नाही," ती म्हणाली. "सोपं आहे. बसा."

संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळं घर गोळा झालं. नवऱ्यानं पाना आणला. सीट सपाट आहे की नाही हे ठरवणार कसं, यावर माय-लेकांची जुंपली. शेवटी सासूबाईंनी ढब्बूचा रबरी चेंडू सीटवर ठेवला. चेंडू टोकावरून टुणकन खाली. ढब्बू धावत गेली, आणून दिला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. पोरीला हा खेळ इतका आवडला की सीट कधीच सरळ होऊ नये असंच तिला वाटत असावं.

"एवढी झुकवली कुणी?" नवरा नट सैल करत म्हणाला. "आणली तेव्हा तर अशी नव्हती."

"मीच."

"का?"

तिनं सांगितलं. जमिनीकडे बघत, थोडक्यात. नवऱ्याचा पाना थांबला. सासूबाईच बोलल्या.

"याच्या वेळी मी महिनाभर उभ्यानं जेवले. सगळ्यांना सांगितलं, बसलं की पित्त होतं." मग जरा थांबून, "मला सांगायचंस गं. मी काय जन्मतःच सासू होते?"

सून हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

चेंडू शेवटी सीटवर टिकला. नवऱ्यानं जाड ग्रिप काढून टाकल्या, हँडल बोटभर वर घेतलं. मनगट मागे न मुरडता ब्रेकवर बोटं पोचतील, असे ब्रेकही फिरवून दिले. ती बसून बघायला लागली, तशा सासूबाई तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "हां, आता बसलीस. कोपरं सोड. तोफेच्या तोंडी निघाल्यासारखी ताठ नको." तिनं कोपरं सैल सोडली आणि गल्लीत एक फेरी मारली. अंगाचं ओझं आता हातांवर नव्हतं. बसायच्या जागेवर होतं, आणि तिथे काही दुखतही नव्हतं.

मुंग्या काही एका दिवसात गेल्या नाहीत. डॉक्टरबाईंनी हात तपासला, तळव्यातली नस दबलीय म्हणाल्या, काही दिवस सायकल कमी करायला सांगितली, आणि सीटचं ऐकून मान डोलावली. हळूहळू करंगळी परत आली. मग शेजारचं बोट.

एका सकाळी ढब्बू पायाशी येऊन हात वर करून उभी राहिली, आणि ती उभ्यानंच वाकली. दोन्ही तळव्यांना त्या अंगाची ऊब लागली, फ्रॉकची शिवण लागली, बरगड्यांची धडधड लागली. तिनं लेकीला उचललं ते खांद्याच्याही वर. आजीकडे वळायची तयारी केलेली ढब्बू वरून सगळ्यांकडे आश्चर्यानं बघत राहिली.

आता हे वाचून झालं असेल, तर एवढं करा. तुमच्या घरात किंवा शेजारी नुकती बाळंतीण झालेली कुणी असेलच. सगळे तिच्या बाळाची चौकशी करत असतील. तुम्ही तिची करा. कुठे दुखतंय, कशावर बसतेस, काय सोसून चालवून घेतेयस, असं विचारा. ती म्हणेल, काही नाही. तेव्हा लगेच उठू नका. थोडं बसा तिच्याजवळ, आणि पुन्हा विचारा.