माझ्या दोन भोवऱ्यांची गोष्ट

मी वल्हं बोलतोय. हसा, आधी हसून घ्या. मीही जन्मभर हेच केलं.

उरणच्या सुतारानं मला सागातून घडवलं, पण जेवायची वेळ झाली म्हणून पात्याची एक कड जाडच ठेवली. त्यामुळे कुणी गाफील धरलं की मी हातात गर्रकन वळायचो आणि समोरच्याला आंघोळ! पनवेलच्या खाडीत मी व्याह्यांना भिजवलं, नवरदेवाला भिजवलं. माझा मालक काशिराम कोळी म्हणायचा, "लबाड हाय ह्यो!" मला ती शाबासकी वाटायची.

ही गोष्ट आमच्या खाडीत विमानतळाचा भराव पडायच्या आधीची. फोनवर बातमी आली की विषुववृत्ताच्या खाली वादळ उठलंय, आफ्रिकेकडे चाललंय.

"जाऊ दे की आफ्रिकेला," काशिराम म्हणाला. "मना काय त्याचा?" आणि त्यानं होडीत बर्फ भरला.

त्याची लेक किशोरी सुकापूरच्या शाळेत भूगोल शिकवायची. ती धावत धक्क्यावर आली. "बाबा, त्याचं जुळं हाय वरच्या अंगाला, आपल्या दर्यात. आज नका जाऊ."

तिनं मला उचललं, पातं पाण्यात उभं धरून सरळ पुढं रेटलं. "ह्ये बगा. विषुववृत्ताला धरून पश्चिमेचं वारं असंच जोरात धावतं. दोन्ही कडांना काय झालं?"

दोन भोवरे. डावीकडचा एकीकडे फिरणारा, उजवीकडचा बरोब्बर उलटा. आयुष्यभर मीच ते काढत होतो, पण त्यांच्याकडे बघितलं कुणी!

"एक वर, एक खाली. खालून ऊन पाणी मिळालं की दोगंबी माजतात. त्यातला आपल्या वाट्याचा..."

आणि तेवढ्यात मी वळलो. खाडीचं पाणी थेट काशिरामच्या तोंडावर!

"जुल्यांचा बारसा झाला गो!" धक्क्यावर जाळं विणणारा जगन ओरडला. काशिरामची बायको सोनाबाई टोपली धरून हसली. काशिरामनं तोंड पुसलं, हसत हसत इंजिन सुरू केलं. किशोरीचं वाक्य राहिलं ते राहिलंच.

दुपारी ते जुळं आलं. होडी फुटली. काशिराम मला काखेत घट्ट धरून दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगला. उरणच्या लोकांनी त्याला बाहेर काढलं, पण उजवा खांदा कायमचा गेला. आता तो हात खांद्याच्या वर जात नाही. लोक म्हणतात, वल्ह्यानं वाचवलं. मला मात्र ती शाबासकी वाटत नाही; किशोरीचं वाक्य मीच तोडलं होतं.

हल्ली मी किशोरीच्या शाळेत असतो. दर वर्षी ती मला हौदात बुडवते आणि भोवरे दाखवते. बाळांनो, हसायला माझी ना नाही, पण सांगणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

परवा काशिराम आला होता. हौदाच्या काठावर बसला, डाव्या हातानं मला धरलं आणि तोंड पुढं केलं.

"उडव की रं पानी, लबाडा. भ्यालास?"

मी हललो नाही. तो थोडा वेळ वाट बघत राहिला. मग रुमाल काढून त्यानं कोरडंच तोंड पुसलं.