बसला का?

"यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, तुझा तर नाहीच," आत्याने भाचीला आधीच बजावलं. "तू कामाला जातेस त्याच दुकानातली गोष्ट आहे. पाय गरम पाण्यात ठेव, तोंड मीट आणि ऐक."

तर त्या बुटांच्या दुकानात एक विक्रेती होती. नऊ वर्षं गिऱ्हाइकांच्या पायांशी वाकून ती दिवसातून दोनशे वेळा विचारायची, "बसला का? टाचेत नीट बसला का?" जगाचं सगळं बसायचं, बसायची सोय नव्हती ती तिलाच. बाक गिऱ्हाइकांचा, गल्ल्यामागची खुर्ची मालकांची. वरच्या फळीवरचे खोके काढायला एक स्टूल होतं. त्यावर ती एकदा टेकलेली दिसली, तर मालकांनी स्टूलच घरी नेलं. संध्याकाळी पाय असे सुजायचे की तिच्या स्वतःच्याच चपला तिला होत नसत.

शेवटी हिय्या करून तिने विचारलं, "मालक, गिऱ्हाईक नसताना जरा बसू का?"

"बसायचंय? मग घरीच बसा की, बाई!" मालक स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक मागच्या खोलीत जाऊन तिने हाताला लागला तो बूट भिंतीवर भिरकावला. डाव्या पायाचा, जोड हरवलेला, कधीचा पडून होता.

"अगं ए, लागलं ना!" नाड्यांखालची जीभ बाहेर काढून बूट कळवळला. "बरं, आता तीन इच्छा माग. आमच्यात तशी रीतच आहे."

"बसू दे!" ती किंचाळली.

तत्क्षणी बाहेर मालकांचा घसा बसला. पण 'उभी राहा' हे बोटानेही सांगता येतं.

"मेल्या, नीट बसू दे!"

झालं! दुकानातला प्रत्येक बूट प्रत्येक पायात नीट बसू लागला. बाळाचा बूट पैलवानाला चपखल. रस्त्यापर्यंत रांग लागली आणि तिला घोटभर पाणी प्यायचीही फुरसत मिळेना.

तिसऱ्या दिवशी तिने येऊन बुटाची जीभच चिमटीत धरली. "उपटून काढीन!"

"थांब, थांब! कोणाला बसू द्यायचं ते बोललीस कधी? दोनदा मागितलंस, दोन्ही वेळा स्वतःलाच विसरलीस."

तिने जीभ सोडली. मग दात खात म्हणाली, "दे, दे, दे! नऊ वर्षं कोणी देईल म्हणून वाट बघतेय. आता तू काही देऊ नकोस. मी बसणार."

"मग माझं काय काम?" म्हणत जीभ आत गेली, ती कायमचीच.

ती बाहेर आली आणि भर गर्दीत बाकाच्या मधोमध, पाय पसरून बसली. मालक लालबुंद झाले, पण घशातून नुसती हवा.

"काय मालक, बसला का?" ती म्हणाली. "धक्का?"

आणि मग काय सांगू! मालकांनी आपली मऊ गादीची खुर्ची स्वतः उचलून आणली, तिच्यापुढे ठेवली आणि त्या दिवसापासून त्या दुकानात कोणालाही उभं—

"खोटं!" भाचीने पाय असे आपटले की घमेल्यातलं पाणी जमिनीवर उसळलं. "बूट बोलला, मानलं. पैलवान बाळाच्या बुटात गेला, तेही मानलं. पण मालकाने खुर्ची दिली? आत्या, सकाळी नऊपासून उभी होते मी तिथे!"