गरम पाण्याची सोय

ताईच्या पत्राला सात महिने झाले, तरी बाळ्यानं उत्तर दिलं नव्हतं. बाळ्या म्हणजे ग्रंथालयातून निवृत्त झालेले, त्र्याहत्तर वर्षांचे गृहस्थ. पण हे नाव ठेवणारी थोरली बहीण हयात होती, तेव्हा बदलणार कोण? तिनं लिहिलं होतं : "गुडघ्यांनी उभा दावा मांडलाय. रोज गरम पाण्यानं शेकावं लागतं, आणि इथं बादली उचलायला कोणी नाही. तुझ्याकडे राहायला येऊ का? गरम पाण्याची सोय आहे ना? भिडेखातर हो म्हणू नकोस."

गिझर होता. पण 'आहे' म्हणून कळवावं आणि ती येऊन टेकल्यावर नेमका तो बंद पडावा, या धास्तीनं त्यांनी चौदा कागद फाडले होते.

त्यातच मोठी जलवाहिनी फुटली आणि तीन दिवस पाणी बंद झालं. चौथ्या दिवशी सकाळी गच्चीवरची टाकी भरली. गार पाण्याचा नळ खाकरत, थुंकत सुरू झाला. गरम पाण्याच्या नळानं मात्र तोंड उघडायचं नाव घेतलं नाही.

"बरं झालं, लिहिलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सूनबाईंनी परस्परच पानामावशीला वर धाडलं. ही नळाची कामं करणारी पन्नाशीची बाई. हातात सदा पाना, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. आत येताच पुस्तकांनी भरलेल्या भिंती पाहून ती थबकली.

"काका, तुम्ही पान उलटता, मी पाना फिरवते. एकच काना जास्त!"

काकांना हसू आलं, पण भीतीही वाटली. "बाई, माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असणार."

ती गिझरच्या पाइपाशी गेली. बोटाच्या पेरानं पाइपवर टकटक करत, कान लावून वर वर सरकत गेली. वळणापर्यंत आवाज भरीव, पुढे पोकळ. नुसत्या कानानं तिनं भिंतीआडचं सगळं वाचून काढलं. आपण उभ्या आयुष्यात एखादं पान इतकं मन लावून वाचलंय का, असं काकांना वाटून गेलं.

"हवा कोंडलीय. टाकी रिकामी झाली ना, की पाइपात शिरून बसते आणि पाण्याला वाट देत नाही." मग तिची नजर गिझरच्या बटणाकडे गेली.

बटणावर चिठ्ठी डकवली होती : 'नळाला पाणी येईपर्यंत हे लावू नये.'

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. पुस्तिकेत वाचलं होतं. चुकलं का?"

"चुकलं? अहो, सकाळपासून अकरा घरं झाली. नऊ जणांनी रिकामा गिझर तापवून कॉइल जाळलीय. तुमचा ठणठणीत आहे! आता या इकडे, धरा पाना."

"मी?"

"नाहीतर काय पुस्तक धरणार? डावीकडे, पाव फेरा. जपून."

त्यांनी गिझरखालच्या पाइपाची चाकी सैल केली. फुस्स करून हवा सुटली, मग गढूळ तांबड्या पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या चष्म्यावर आली.

"अरे देवा!"

"येऊ द्या. आधी तांबडंच येतं. घाबरून बंद केलंत तर स्वच्छ येणार कसं?"

पाणी निवळलं. चाकी घट्ट झाली. गरम पाण्याचा नळ दोनदा खोकला, गिझर भरला आणि धार सरळ लागली. मगच तिनं बटण दाबलं. थोड्या वेळानं काकांनी धारेखाली बोट धरलं आणि चटकन मागं घेतलं.

जाताना पानामावशीनं ती चिठ्ठी अलगद काढली. "ही मी नेते. नऊ घरांत दाखवायचीय."

त्यांचं लिखाण आजवर कोणी मागून नेलं नव्हतं.

दार लावून ते टेबलाशी बसले. पहिल्या सात-आठ ओळी क्षमायाचनेच्याच उतरल्या. आज त्यांनी कागद फाडला नाही, गढूळ ओळी तशाच जाऊ दिल्या. मग खाली लिहिलं : "ताई, गरम पाण्याची सोय आहे. बिघडली तर दुरुस्त करता येते, हे आज पाहिलं. बादली मी उचलीन. ये. तुझा बाळ्या."

चष्म्यावरचे तांबडे ठिपके न पुसताच ते कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत गेले. पाकीट आत पडल्याचा आवाज ऐकला, आणि उगाच पेटीवर बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं.