मिक्सरवरचा आळ

राखीच्या आंदणात तिच्या माहेराहून, लालबर्‍याहून आलेला मिक्सर फ्यूज उडवतो, असं तिच्या सासऱ्यांचं, दुलीचंदचं, पक्कं मत होतं. सकाळी ती चटणी वाटायला घ्यायची, अंगणात दुलीचंदचा लाडका पंप पाणी चढवत असायचा, आणि घर बंद पडायचं. पंपाकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती. मिक्सर राखीच्या आईने पारखून घेतलेला; त्याला नावं ठेवली की तिच्या जिवाला लागायचं.

एक दिवस दुलीचंदने करंट मोजायचं मीटर आणलं. त्याचा चिमटा चालू यंत्राच्या वायरीभोवती अडकवला की आकडा दिसतो. कूलर शून्य, फ्रिज शून्य. पंपही शून्य निघाला तेव्हा दुलीचंदने त्याच्याकडे मायेने पाहिलं. मिक्सरची वायर मात्र उंदराने कुरतडलेली. राखीच्या नवऱ्याने, विवेकने, तिथल्या दोन तारा वेगवेगळ्या करून टेप गुंडाळली होती. चिमटा त्यातल्या एकीभोवतीच बसला. आकडा आला तीन.

"मीटर खोटं नाही बोलत," दुलीचंद म्हणाला.

मिक्सर जुन्या लुगड्यात बांधून फळीवर गेला. दुसऱ्या दिवशी फ्यूज पुन्हा उडाला. मिक्सरने लाइन आधीच कमजोर करून ठेवली होती, असा दुलीचंदने खुलासा केला आणि विवेकने मान डोलावली.

पाट्यावर वाटून राखीचे खांदे भरून आले. पण बर्फ जमवणारा फ्रिज काहीच करंट खात नाही, हे तिच्या गळी उतरेना. तिने मिक्सर खाली काढून सुरू केला.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "उंदरानं जिथं नाही खाल्लं, तिथं लावा ना चिमटा."

त्याने लावला. मिक्सर गरगरत होता आणि मीटर शून्य दाखवत होतं. दुलीचंदने मीटर झटकलं, पुसलं, पुन्हा लावलं. शून्यच. म्हणजे दोन्ही तारा एकत्र धरल्या की जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांना खोडत होते आणि मीटर मुकं होत होतं.

आता राखी थांबणार नव्हती. विवेकने पंपाचा प्लग काढला, वायरीचं वरचं आवरण सोलून आतल्या दोन तारा वेगळ्या केल्या आणि पंप पुन्हा लावला. चिमटा एकीभोवती बसला. आकडा आला नऊ.

राखीने आईने दिलेल्या मिक्सरवरून पदर फिरवला.

मग दुलीचंदने सांगितलं, पंपाचं वय झालं आहे, त्याले समजून घ्या लागते.

भाजी निवडणाऱ्या राखीच्या सासूबाईंनी, शेवंताबाईंनी, नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

"हौ," त्या म्हणाल्या. "फळी रिकामीच आहे. लुगडंही तिथंच आहे."