गच्चीवरची रायफल

चतुराचा नेम त्या उन्हाळ्यात बिघडला होता, आणि तो का बिघडला हे तिचं तिलाच उमगत नव्हतं.

धारूरच्या घाटाखाली विठ्ठलराव आप्पांच्या ताब्यातला सहकारी साखर कारखाना होता. बरे दिवस होते तेव्हा आप्पांनी साखरेच्या गोदामामागं मुरमाचा उंच बांध घालून रायफल क्लब काढला होता. परवाना क्लबच्या नावावर, रायफल परदेशी बनावटीची, बारीक नळीची, पॉईंट टू टू. पन्नास मीटरवर लावलेल्या कागदावरचा काळा गोल फोडायचा, एवढंच तिचं काम. शिकवायला फौजेतून घरी आलेले पंडित सुभेदार होते. मेंढरांमागं फिरणाऱ्या आश्रुबाची ही लेक कॉलेजात एनसीसीत होती. तिथं तिचा हात बघून सुभेदारांनीच तिला क्लबात आणली, आणि पुढं आप्पांनी तिला कारखान्याच्या टाइम ऑफिसात, हजेरी नोंदवायला, लावून घेतली. राज्याचं पदक घेऊन आली तेव्हा आप्पांनी तिला उघड्या जीपमध्ये उभी करून धारूरच्या बाजारपेठेतून फिरवली होती.

पण दोन हजार सोळाच्या त्या उन्हाळ्यात कारखान्याचं धुराडं थंड पडलं होतं. शिवारात ऊसच उरला नव्हता. आश्रुबा मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं उतरला होता, त्याचा धड फोन लागत नव्हता. आई तुळजाबाई टँकरच्या रांगेत दिवस काढायची. आणि चतुरा रोज सकाळी सतरंजीवर पालथी पडायची, दंडाला पट्टा आवळायची, श्वास अर्धा सोडून धरायची. तेवढ्यात रस्त्यावर कुठंतरी गाडी घरघरायची आणि तिचे कान तिकडं जायचे. टँकर असंल का? आईला नंबर लागला असंल का? गोळी सुटायची आणि कागदावर भलतीकडंच भोक पडायचं.

"पोरी, तू गोलाकडं बघतच न्हाईस," सुभेदार म्हणायचे. "अंग हितं हाय, जीव दुसरीकडंच."

"कळतंय हो सुभेदार. पर काय करू?"

पुण्यातली निवड स्पर्धा जवळ आली होती. ती घरी आली तरी एका जागी बसायची नाही. उगाच भांडी हलवायची, दारात जायची, परत यायची. आई वैतागून म्हणायची, "पायाला भिंगरी लागली का गं तुज्या? बस की जरा."

एका दुपारी आप्पांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सुभेदार त्या दिवशी पेन्शनच्या कामाला बीडला गेले होते. आप्पांच्या टेबलावर क्लबच्या कपाटाची किल्ली पडली होती.

"कारखान्याच्या शेततळ्यात पानी किती उरलंय, बघितलंस?" आप्पांनी विचारलं. "त्याच्यावर बेण्याचा ऊस जगवतोय मी. त्यो वाळला तर पुढल्या साली लावायला बेणं न्हाई, आन कारखाना कायमचा गेला. तुजी नोकरी बी गेली. आन पल्याडच्या वस्तीवरची मानसं त्याच पान्यासाठी तारा तोडून आत येत्यात. आज तर समदीच येनार हायेत म्हनं."

"मंग पोलिसांना सांगा की आप्पा."

"पोलीस संध्याकाळपत्तुर येत न्हाईत. वॉचमन तेवढा गहिनीनाथ एकटा ऱ्हायलाय." आप्पांनी किल्ली पुढं सरकवली. "तू फकस्त हापिसाच्या गच्चीवर पड रायफल घिऊन. गोळी नगं. लोकांना दिसली म्हंजे झालं."

"आप्पा, ती स्पर्धेची रायफल हाय."

"ते त्यांना काय ठावं? बंदूक म्हंजे बंदूक." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पुण्याला जायचंय न्हवं तुला? क्लब माजाच हाय ना?"

चतुरानं किल्ली घेतली. घेताना तिला वाटलं, रिकामीच तर आहे. कुणाचं काय जाणार?

गच्चीचा स्लॅब तव्यासारखा तापला होता. तिनं पोतं अंथरलं, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि कठड्याच्या फटीतून रायफल बाहेर काढली. खाली फाटक, फाटकाबाहेर माणसं. बायाच जास्त. हंडे, कळशा, तेलाचे डबे. फाटकापर्यंतचं अंतर साधारण क्लबातल्या पन्नास मीटरएवढंच होतं. कुणीतरी वर बोट दाखवलं. गलका एकदम उतरला. रेटून पुढं आलेली माणसं दोन पावलं मागं सरली आणि तिथंच उभी राहिली.

आप्पांचं म्हणणं खरं ठरलं होतं. बंदूक दिसली, लोक थांबले.

आता नुसतं पडून राहायचं होतं. पण नुसतं पडून राहणं तिला येत नव्हतं. रायफल खांद्याला लागली की गाल आपोआप दस्त्यावर टेकायचा, डोळा नेमाच्या मागच्या बारीक भोकाला लागायचा. तसा तो लागला. भोकातून नळीच्या टोकाची नेमाची कडी दिसली, आणि कडीत एका बाईचं कपाळ. पिवळी घागर कमरेवर घेतलेली, पन्नाशीची, उन्हानं रापलेली बाई. ती सरळ वर बघत होती. हलत नव्हती.

आणि चतुराचा श्वास खाली बसला. कितीतरी दिवसांत बसला नव्हता असा. टँकरचा विचार गेला, आईचा गेला, गोदाकाठचा गेला. कडी कपाळाभोवती अशी स्थिर झाली, जशी काही कागदावर छापलेली. बोटानं घोड्याचा पहिला दाब घेतला, मग दुसरा.

टक्.

नळी रिकामीच होती. तरी तिनं घाईघाईनं बोल्ट उघडून आत बघितलं, बोट घालून बघितलं, परत बघितलं. काहीच नव्हतं. बाई खाली तशीच उभी होती, तिला काही कळलंही नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं चतुराला घोडा दाबायला. आप्पांनीही नाही.

ज्याच्यावाचून गोळी उडत नाही तो बोल्ट तिनं रायफलमधून उपसून खिशात टाकला, रायफल पाठीला अडकवली आणि जिना उतरली.

गहिनीनाथ फाटकाशी काठी घेऊन उभा होता. "कावून गं, खाली आलीस?"

"नाना, मला जमत न्हाई."

तिला उतरताना लोकांनीही बघितलं होतं. कुणीतरी फाटक हलवलं. गहिनीनाथानं एकदा रिकाम्या गच्चीकडं बघितलं, एकदा समोरच्या घागरींकडं बघितलं. त्याची स्वतःची सूनही त्या गर्दीत होती. त्यानं फाटकाची कडी काढली.

दिवस मावळेपर्यंत तळं तळाला गेलं. आप्पा केबिनबाहेर खुर्ची टाकून बसले होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "रिकामीच व्हती ना ती? मंग तुला भ्यायला काय झालतं?"

बेण्याचा ऊस त्या महिन्यातच वाळला, आणि टाइम ऑफिसात तिला पुन्हा येऊ नकोस म्हणून सांगण्यात आलं.

सुभेदार दुसऱ्या दिवशी परतले. तिनं त्यांच्या हातात रायफल आणि बोल्ट ठेवला आणि गच्चीवर काय काय झालं ते सांगितलं; घोडा दाबल्याचं मात्र सांगितलं नाही. म्हातारा लालबुंद झाला. "लोकांवर रोखायला दिली का ही रायफल? कुनाच्या हुकमानं?" त्यांनी त्याच दिवशी रायफल पोलीस ठाण्यात जमा केली आणि क्लबचा राजीनामा आप्पांच्या टेबलावर नेऊन टाकला.

पुढच्या आठवडी बाजारात ती बाई चतुराला दिसली. भामाबाई तिचं नाव. मिरच्यांच्या ढिगापाशी बसली होती, आणि तिनंच आधी ओळखलं. "तू ती गच्चीवरची न्हवं का? बस, बस. तुज्यामुळं आमच्या वस्तीला पानी मिळालं, बाई. तू उतरली म्हनून."

चतुरा तिथून निघून जाऊ शकली असती. तिची पावलं तशी वळलीही होती. पण ती परत फिरली आणि उकिडवी बसली.

"मावशी, मी उतरायच्या आधी तुमच्यावर घोडा दाबलता. कपाळावर धरून. रिकामी व्हती, पर दाबलता."

भामाबाईचा मिरच्या निवडणारा हात थांबला. "माज्यावर? कावून गं?"

"ठावं न्हाई."

"आन मी तर तुज्याकडंच बघत हुबी व्हते," भामाबाई म्हणाली. "बाकीचे भ्याले. मी म्हनलं, पोरगी हाय, ही काय मारनार न्हाई." तिनं पदर कपाळावर पुढं ओढला. थोड्या वेळानं दुसरं गिऱ्हाईक आलं, ती तिकडं वळली. परत चतुराकडं तिनं बघितलं नाही.

सुभेदारांनी पुण्यातल्या जुन्या फौजी मित्राची रायफल मागून आणली आणि चतुराला स्पर्धेला नेलं. तिला जायचं नव्हतं आणि घरी राहायचंही नव्हतं. रेंजवर पहिल्या काही गोळ्या चांगल्या बसल्या. मग श्वास खाली बसला, गच्चीवर बसला होता अगदी तसाच, आणि काळा गोल कडीत गपकन थांबला. तिनं रायफल खाली ठेवली. आजूबाजूला गोळ्या सुटत होत्या, घड्याळ पळत होतं. ती कोपरावर कपाळ टेकून तशीच पडून राहिली. मग उठली, पट्टा पुन्हा आवळला, आणि उरलेली प्रत्येक गोळी धडधडत्या छातीनं सोडली. छाती शांत व्हायची वाट तिनं बघितली नाही. निवड झाली नाही.

परतीच्या एसटीत सुभेदारांनी विचारलं, "मधीच कावून थांबलीस?"

तिनं सगळं सांगितलं. कपाळ, टक्, भामाबाई. नगर आलं. स्टँडवर उतरून सुभेदारांनी दोन चहा आणले, एक तिच्या हातात दिला.

"हे तू मला त्याच दिवशी सांगायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "शिकवलं मी तुला. समदं शिकवलं, आन हे ऱ्हाऊन गेलं." मग त्यांनी चहावर फुंकर मारली. "सोडनार हायेस का आता?"

"न्हाई," चतुरा म्हणाली. "पर श्वास बसला की भ्या वाटतंय."

"वाटू दी," सुभेदार म्हणाले आणि कंडक्टरनं घंटी मारली म्हणून उठले. चतुरानं अर्धा चहा तसाच टाकला, गाडीत चढली, आणि बीड येईपर्यंत एकदा या खिडकीला, एकदा त्या खिडकीला जाऊन बसत राहिली.