आत्याने दिलं तर माफ

अंगणात लडकू एका ट्रॅक्टरवाल्याला पट्ट्याने फोडून काढत होता आणि आत खिडकीशी बसून हरेश भागीदारी फर्मचा कर वाचत होता. त्या ऑफिसात हे नेहमीचंच. बाहेर कुणाचं तरी थोबाड रंगायचं, कुणाची तरी बायको पाया पडायची, आणि हरेश पान उलटायचा. सुरुवातीला त्याला त्या दिवशीचं जेवण जायचं नाही. मग जायला लागलं.

ऑफिस शेखरशेठचं. शेठ म्हणजे शहापूर-मुरबाड रस्त्यावरचा जमिनीचा दलाल. गोदामवाल्यांना सलग जागा गोळा करून द्यायचा, आणि जो देत नसेल त्याच्याकडे लडकू आणि दिपेश ही दोन रत्नं धाडायचा. हरेश मुरबाडच्या बाजूचा, भातशेती करणाऱ्या घरातला, बी.कॉम. झालेला पोरगा. बाप वारलेला. शेठने त्याला कागदपत्रं सांभाळायला ठेवला, कल्याणच्या लॉ कॉलेजात घातला, फी भरली आणि चारचौघांत सांगितलं, "पोरगा वकील झाला का फर्ममदी पार्टनर." तेव्हापासून हरेशची छाती जी फुगली ती फुगलीच.

परीक्षा जवळ आली होती. इन्कम टॅक्सचा पेपर म्हटला की वर्गातली पोरं रडकुंडीला यायची. कंपन्यांचा कर, भागीदारीचा कर, मेलेल्या माणसाच्या इस्टेटीचा कर, बक्षिसाचा कर. हरेशला मात्र हाच विषय आवडायचा, आणि आवडण्यापेक्षा दुसऱ्याला शिकवायला जास्त आवडायचा. त्या दिवशी लडकू पट्टा पुन्हा कमरेला चढवत आत आला, माठातलं पाणी घटाघटा प्यायला, आणि शेठने सहज विचारलं, "आज काय घोकतोस रे?"

"बक्षीस."

"फुकट मिळालेल्यावर पण टॅक्स?"

झालं! हरेशसाहेब खुलले. "फुकट मिळालं तरी सरकार त्याला उत्पन्नच धरतंय, शेठ. परक्यानं तुमाला प्लॉट बक्षीस दिला तर त्याची किंमत तुमच्या उत्पन्नात जाणार. नातेवाइकानं दिला तर माफ. पण नातेवाईक कोण, ते कायदा ठरवणार. चुलतभाऊ नातेवाईक नाय."

"मंग काय दुश्मन हाय?" दिपेश म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

"पुढचं तर ऐक. आत्याने भाच्याला दिलं तर माफ. तेच भाच्याने आत्याला दिलं, तर आत्याच्या डोक्यावर कर!"

पुन्हा हसू फुटलं. हसण्यासारखंच होतं ते. अहो, आपल्याकडे माहेरवाशिणीला द्यायचं असतं. भाऊबीजेला तिच्या ताटात काहीतरी पडलंच पाहिजे, भाऊ नसला तर भावाच्या पोराने जायचं. तिच्याकडून घेतलं तर माहेरची माणसं तोंड दाखवणार नाहीत. आणि कायदा म्हणतो, तिच्याकडून खुशाल घ्या, तिला द्याल तर खबरदार! हरेशला हा उलटा कारभार फार गमतीचा वाटला होता.

शेठ तेवढा हसला नाही. "हरेश, नाक्याजवळचा तो मधला प्लॉट तुज्या काशीआत्याचा ना?"

हरेशने जीभ चावली. पण उपयोग काय?

काशीआत्याचा नवरा भातसानगरला धरणावर नोकरीला होता. रिटायर झाल्यावर त्याने रस्त्याला लागून बिनशेती प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या आणि लगेच देवाघरी गेला. मूलबाळ नाही. आजूबाजूचं सगळं शेठने घशात घातलं होतं. मधोमध आत्या आणि तिची तोंडल्याची मांडवी. विकायला ती तयार नव्हती. धाक घालून स्वस्तात लिहून घ्यावं तर सरकारी भाव आणि दिलेला भाव यांच्यातल्या फरकावरचा कर शेठवरच उलटत होता.

"तुला बक्षीस दिला तर माफ," शेठ एकेक शब्द चावत म्हणाला, "आणि तू व्हनार आपला पार्टनर. तुझं भांडवल म्हणून प्लॉट फर्ममदी आणायचा. व्हतंय का नाय?"

"व्हतंय, पण..."

"पण गेला उडत. जा, आत्याकडं माग."

हरेश गेला नाही. कोणत्या तोंडाने जाणार? त्याचा बाप दर दिवाळीला लुगडं घेऊन आत्याकडे जायचा, आणि ह्याने जाऊन तिचं घर मागायचं? "पेपर झाला का जातो," असं तो शेठला सांगत राहिला. ना हो, ना नाही. अरे गाढवा, नाही म्हणायचं होतंस ना! निदान एक फोन करून, आत्या, दाराला कडी लाव, एवढं तरी सांगायचं होतंस! पण पार्टनर व्हायचं होतं साहेबांना. पुस्तकात तोंड घालून तो बसून राहिला, आणि शेठने वाट बघणं सोडून दिलं.

आठव्या दिवशी दुपारी लडकूचा फोन आला. "ये. म्हातारी तयार हाय."

हरेशने गाडीला अशी किक मारली की पायाचं सालपट निघालं. आत्याच्या अंगणात शिरला तर मांडवी आडवी झालेली, तोंडली पायाखाली चेंगरलेली, उंबऱ्यावर रक्त. दिपेश पायरीवर बसून कान दाबून विव्हळत होता. आत्याने कोयत्याचा एक वार त्याच्यावर ओढला होता आणि कानाची पाळी लोंबत होती. विव्हळण्यापेक्षा शिव्याच त्याच्या तोंडून जास्त निघत होत्या.

आणि आत काशीआत्या एका हाताने चहा गाळत होती. दुसरा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. वरचा ओठ फाटलेला, पदर रक्ताने छातीला चिकटलेला. लडकू खाटेवर मांडी घालून बसला होता. हात मोडल्यावर त्यानेच तिला चहा करायला लावला होता.

हरेशच्या डोक्यात सणक गेली. त्याने चुलीजवळचं लाकूड उचललं आणि लडकूच्या पाठीत घातलं. लडकूला लागलं, पण किती? वकिलीचा विद्यार्थी तो, त्याच्या हाताला मारायची सवय कुठली! लडकूने उठून त्याच्या पोटात लाथ घातली, केस धरून डोकं चौकटीवर आपटलं, आणि मग शांतपणे चहाचा कप उचलला.

"तुज्यासाठीच केलं ना रं सगळं? उद्या अकरा वाजता रजिस्टर ऑफिस. आंघोळ करून ये."

ते गेल्यावर हरेशने कामट्या लावून, आपला सदरा फाडून आत्याचा हात बांधला. बांधताना हाड हाडावर घासलं तरी ती हूं की चूं करीना. त्याला ओरडून सांगायचं होतं की मी नाही धाडलं गो यांना. पण मग कुणी सांगितलं त्यांना, आत्याकडून भाच्याला फुकटात येतं म्हणून? ती एकदाच बोलली, "तुजं डोकं फुटलंय. पूस." शेठच्या माणसांनीच मग तिला एका डॉक्टरकडे नेऊन प्लास्टर घालून आणलं, म्हातारी जिन्यावरून पडली म्हणून सांगितलं. आत्याच्या घराला जिनाच नव्हता.

सकाळी मुरबाडच्या रजिस्टर ऑफिसात गर्दी होती. शेठ दारातच खुर्ची टाकून बसलेला, लडकू भिंतीला टेकलेला, दिपेश कानाला पट्टी बांधून बाहेर उभा. शेठच्या वकिलाने बक्षीसपत्र छापून आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की काशीबाई आपल्या भाच्याला, त्याच्याविषयीच्या मायेपोटी, स्वखुशीने आपला प्लॉट देत आहे. हरेशने ते वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

रजिस्ट्रारसाहेबांनी आत्याच्या ओठाकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आजी, राजीखुशीने देताय ना? कुणी जबरदस्ती केली असेल तर इथंच सांगा. मी लगेच पोलीस बोलावतो."

हरेशने देव आठवला. बोल गो आत्या, बोल.

"राजीखुशीने," आत्या म्हणाली. "भावाचा पोर हाय माजा."

तिने डाव्या हाताचा अंगठा टेकवला, कॅमेऱ्याकडे बघितलं, तिचा फोटो निघाला. मग खुर्चीतून उठताना ती हरेशच्या कानाशी वाकली. "पोलीस आले तर पयला तू आत जाशील, म्हनून नाय बोलली. पर एक इचारते. मागितला असतास तर हसत दिला असता रे. मानसं कशाला धाडलीस?"

लडकूने चौकटीवर आपटलं तेव्हा लागलं नव्हतं एवढं ते हरेशला लागलं. तिला खरंच वाटत होतं की हे त्याने करवलं. आणि असं वाटत असूनही ती त्याला वाचवत होती.

"घेणाऱ्याने पुढे या," साहेब म्हणाले. "इथे सही, इथे अंगठा."

हरेश उभा राहिला. सगळ्यांनी देणारीला धाक घातला होता. घेणाऱ्याला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि त्याने तर पाठ केलं होतं, घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय बक्षीस होतच नाही.

"मी घेत नाय," तो म्हणाला.

"काय?"

"मला नको. मी स्वीकारत नाय. आणि साहेब, जबरदस्ती झाली. तिचा हात मोडलाय. तो बघा, भिंतीला टेकलाय ना, त्यानंच मोडला."

वकिलाच्या हातातलं पेन पडलं. साहेबांनी कागद आपल्याकडे ओढून त्यावर आडवी रेघ मारली आणि फोन उचलला. शेठ खुर्ची सोडून आत घुसला, पण एवढ्या माणसांत काय करणार? त्याने फक्त हरेशकडे बघितलं. "बाहेर येशील ना?" एवढंच म्हणाला.

पोलीस येईपर्यंत थांबायचं होतं. पण दिपेश आत्याच्या मागे मागे फिरायला लागला आणि हरेशचा धीर सुटला. तिला धरून त्याने मागच्या दाराने एसटी स्टँड गाठला, शहापूरच्या गाडीत बसवलं, तिला नीट उतरवा म्हणून कंडक्टरला हात जोडून सांगितलं. गाडी हलली आणि मागून कुणीतरी त्याची मानगूट पकडली.

त्याला जीपमध्ये घालून सागाच्या रानात नेलं. लडकूने लोखंडी पहार काढली. पहिला घाव गुडघ्यावर पडला आणि हरेश गुरासारखा ओरडला. दुसरा खांद्यावर. दिपेश बरगड्यांत लाथा घालत होता, कानाचं उट्टं काढत होता. शेठ झाडाला टेकून उभा होता.

"सही करशील?"

"नाय."

उजवा हात दगडावर ठेवून लडकूने पहार घातली. बोटं फुटल्याचा आवाज हरेशला आधी ऐकू आला, दुखलं नंतर.

"म्हातारीला संपवीन," शेठ म्हणाला.

रक्ताची गुळणी टाकत हरेश हसला. खरंच हसला हो तो. "संपव की! ती मेली तर प्लॉट जाईल तिच्या नवऱ्याच्या पुतण्यांना. कसाऱ्याला. तीन पुतणे हायती, तिघं रेल्वेत. मला फुटकी कवडी नाय आणि तुला पण नाय. बघ इचारून कोणाला पण!"

शेठने त्याच्या तोंडावर बुटाची टाच ठेवली आणि दाबली. त्यानंतरचं हरेशला काही आठवत नाही. जळणाला आलेल्या बायांना तो सापडला.

लडकू आणि दिपेशला पोलिसांनी उचललं, शेठ जामिनावर सुटला. परीक्षा कुठली आणि काय, पेन धरायला बोटंच राहिली नव्हती. पण त्या प्लॉटवर कुणी पाऊल ठेवलं नाही.

दवाखान्यात चौथ्या दिवशी आत्या आली. गळ्यात हात बांधलेला, डाव्या हातात डबा. खाटेवर बसून तिने पेज कालवली आणि चमचा त्याच्या सुजलेल्या तोंडाशी धरला. हरेशने मान फिरवली.

"आत्या, मी नाय गो धाडली मानसं."

"आता ठावं झालं मला. खा."

"पर त्यांना सांगितलं मीच. आत्याकडनं भाच्याला आलं तर टॅक्स नाय, हे मी सांगितलं. ऑफिसात बसून, हसत हसत. आनि तो तुज्या घराचं नाव घेऊ लागला तवा मी गप बसलो. मला पार्टनर व्हायचं व्हतं. आठ दिस गप बसलो मी."

चमचा हवेतच राहिला. आत्याने तो डब्यात ठेवला, डबा खाली ठेवला. मग तिने चांगला हात उचलला आणि त्याच्या थोबाडात अशी काही ठेवून दिली की टाके उसवले. पहार खाताना जे आलं नव्हतं ते रडू आता आलं. हरेश हंबरडा फोडून रडला, अख्खा वॉर्ड उठून बसला.

नर्स धावत आली. "ओ बाई! पेशंटला मारता? कोण तुम्ही?"

"आत्या हाय त्याची," काशीबाई म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "मी नाय मारनार तर कोन मारनार?" आणि तिने डबा उचलून पुन्हा चमचा भरला.